ताईची रेघ, धाकट्याची रेघ

सगळं बंदर तिला ताई म्हणतं. पिकल्या केसांची माणसंही ताईच म्हणतात, कारण ताडपत्री वेळेवर हवी असेल तर तिच्याशी गोडीत राहिलेलं बरं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ट्रकवर टाकायची, होडीवर पसरायची, दुकानापुढे बांधायची, कसलीही ताडपत्री असो, ती ताईच्या मागच्या खोलीतूनच शिवून जाते. खोलीत मधोमध जाड कापडाचं काळं मशीन, पायाशी मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, आणि खाडीकडच्या भिंतीला टांगलेल्या निळ्या ताडपत्रीच्या गुंडाळ्या. काठ दुहेरी दुमडायचा, शिवण दोनदा मारायची, मग पितळी कड्या हातोडीने ठोकून बसवायच्या. तो ठोका गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. दिवसाढवळ्या ठोका थांबला की शेजारीपाजारी समजतात, आज भरती सोयीची दिसते, ताई खाडीवर गेली.

ताईला वेड होतं जिताड्याचं. हा मासा मोठा नखरेल. खाडी आणि समुद्र जिथे भेटतात तिथलं गढूळ पाणी त्याला हवं, पण उघड्यावर तो राहायचा नाही. पुलाचा खांब, बुडालेलं झाड, पाण्याखालचा खडक, अशा कशाच्या तरी आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून तो ऐटीत बसतो आणि खाणं समोर चालून यायची वाट पाहतो. पाणी जोरात धावत असलं तर जागचा हलत नाही. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण उतरलं की पुढच्या काही दिवसांत भरती जरा मवाळ होते. ती चढून थांबते, मागे फिरावं की फिरू नये असा प्रश्न पडल्यासारखं पाणी थोडा वेळ उभं राहतं, आणि मग हळूच उलटं वळतं. तेवढीच त्याची जेवणाची वेळ. वेळ काय, कोणीही शिकेल. खरं दुखणं असतं जागेचं.

ती जागा ताईच्या बाबांना माहीत होती. बाबा धक्क्यावर सुतारकाम करायचे. खाडीच्या तोंडाशी फार पूर्वी माल वाहणारा एक लाकडी पडाव बुडाला होता आणि जिताडे त्याच्या सांगाड्यात घर करून होते. वरून काही दिसत नाही. जरा इकडे सरकलं की खाली नुसता चिखल. हल्ली यंत्राचं बटण दाबलं की जागा टिपली जाते म्हणे. तेव्हा सगळा कारभार किनाऱ्यावरच्या निशाण्यांवर चालायचा. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू होडीतून बघताना एकीमागे एक आल्या, की ती झाली एक रेघ. दुसरीकडे आणखी दोन वस्तू तशाच जुळल्या, की दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे दोराला बांधलेला नांगराचा दगड सोडायचा. खाली पडाव असतोच.

बाबांना मुलं दोन. मोठी ताई आणि पाठचा धाकटा. दोघांचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. एकाने खिडकी उघडली की दुसऱ्याने लावलीच पाहिजे. बाबांनी त्यावर आपल्या परीने तोडगा काढला. एक रेघ ताईला दिली, एक धाकट्याला. होडीत दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि सांगितलं, "आपापल्या बाजूला बघायचं. मागे वळून पाहायचं नाही. आणि आपली रेघ दुसऱ्याला सांगायची नाही. कधीच नाही."

"का पण?" ताईने विचारलं होतं. ती तेव्हाही गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"सांगितलीत तर एकेकटे जाल."

मग बाबा वल्हवायचे. ताईच्या निशाण्या जुळल्या की ती ओरडायची, "जुळली!" पण तेवढ्यात धाकट्याची सुटलेली असायची. त्याची जुळली की हिची सुटायची. असं होता होता एखाद्या क्षणी दोघं एकदम ओरडायची आणि बाबा हसत दगड पाण्यात सोडायचे. घरी एकमेकांची तोंडं न पाहणारी ती दोघं होडीत मात्र एका सुरात ओरडत. बाप हुशार होता यात वाद नाही. जरा जास्तच हुशार होता, हे पुढे कळलं.

बाबा गेले तेव्हा ताईचं लग्न झालेलं होतं आणि ती नवऱ्यासह त्याच घरात राहत होती. धाकट्याने पलीकडच्या काठावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज टाकलं होतं; त्यालाच लागून त्याचा संसार. ताईने मागच्या खोलीत शिवणकाम सुरू केलं. खोलीला खाडीकडे एक निळी खिडकी होती. तिच्यातून खारा वारा येई आणि मशीनच्या सुयांना रोज गंज चढे. शिवाय गुंडाळ्या टांगायला भिंत पुरत नव्हती. ताईने गवंड्याला बोलावलं, खिडकी काढली, विटा लावून गिलावा केला आणि वर चुना मारला. बाहेरून एक लांबच लांब पांढरी भिंत झाली. ताईला फार बरं वाटलं.

धाकटा त्या आठवड्यात आला. खोलीच्या दारात उभा राहिला. भिंतीकडे बघतच राहिला. ताईने चहा टाकला होता, तो न घेताच गेला. त्यानंतर त्याने या घराचा उंबरठा ओलांडला नाही.

ताईने खूप डोकं खाजवलं. शेवटी तिची खात्री पटली की प्रश्न घराचा आहे. वडिलांचं घर, त्यात बहिणीने न विचारता तोडफोड केली, हे त्याला लागलं असणार. "मग तसं तोंडाने बोलावं ना," ती नवऱ्याला म्हणाली. "मी काय त्याला अर्धं घर नाही म्हटलं असतं?" आणि ती फुगून बसली. तो येत नाही तर मी तरी का जाऊ, असं म्हणत म्हणत वर्षं गेली. धाकट्याला मुलगी झाली, तेव्हा ताईने शेजारणीच्या हाती झबलं पाठवलं. स्वतः गेली नाही. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडली.

पडावावरचे जिताडेही तेव्हापासून सुटले. ताईकडे एक रेघ होती. सोयीची भरती पाहून ती नवऱ्याला वल्ह्यावर बसवायची आणि आपल्या रेघेवर होडी आणायची. पण एक रेघ म्हणजे नुसता रस्ता. त्यावर थांबायचं कुठे ते दुसरी रेघ सांगते. जिवंत कोळंबी गळाला लावून ती रेघेवर इथे टाकून बघे, तिथे टाकून बघे. चिखलातले शिंगाळे तेवढे लागत. नवरा बसमध्ये कंडक्टर. त्याला होडीतही सवय सुटेना.

"चला, पुढे सरका," तो वल्हं मारत म्हणायचा. "पुढे जागा रिकामी आहे."

"तुम्ही गप्प वल्हवा हो."

"अगं, मासा हवाय तर बाजारात मिळतो. मांडून ठेवलेला असतो."

त्याला मासा नको होता आणि तिलाही नुसता मासा नको होता, हे दोघांनाही कळत होतं. धाकट्याची होडी कधीकधी लांब दिसायची. तो एका जागी दगड टाकायचा, काढायचा, थोडं सरकून पुन्हा टाकायचा. आणि सारखा ताईच्या घराकडे बघायचा. "बघा, बघा," ताई म्हणायची. "अजून घराकडे डोळे लावून बसलाय."

अशात बातमी आली की पलीकडच्या काठावरच्या जुन्या गिरणीची जागा विकली गेली आणि गिरणीचं धुरांडं पाडणार आहेत. चहाच्या टपरीवर लोकांनी ती बातमी ऐकली आणि ते पुन्हा चहा पिऊ लागले. ताईच्या हातातली हातोडी मात्र बोटावर बसली. उंच टेकाडावरची पाण्याची टाकी बरोब्बर गिरणीच्या धुरांड्यामागे लपली, की ताईची रेघ जुळायची. धुरांडं गेलं की रेघ गेली. मग धाकटा उद्या स्वतःहून हसत आला तरी पडाव सापडणार नव्हता. बाबांनी दोघांना एका होडीत बसवायला जे एक कारण मागे ठेवलं होतं, तेच विटाविटांनी उतरणार होतं.

पहिल्या सोयीच्या भरतीला ती पाण्यावर गेली. धुरांड्याला बांबूंची परांची लागली होती आणि तिच्यावर जाळी लपेटली होती. सडसडीत धुरांडं आता एखाद्या लठ्ठ पोत्यासारखं दिसत होतं. टाकी त्याच्या मागे कुठेही लपत होती, डाव्या अंगाला लपली तरी रेघ, उजव्या अंगाला लपली तरी रेघ. होडी बरीच इकडची तिकडे झाली तरी फरक कळेना.

"कोणाला विचारून लावली ही जाळी?" ताई भडकली. "निदान आधी सांगायचं तरी!"

"तुला कशाला सांगतील?" नवरा म्हणाला. "त्यांना काय माहीत, तू धुरांड्याकडे बघून मासे धरतेस?"

ते बरोबर होतं, म्हणून ताईला आणखी राग आला. पलीकडे धाकट्याची होडी होती. तो दगड काढत होता, सरकत होता, पुन्हा टाकत होता आणि मान वर करून घराकडे बघत होता. ताई टक लावून बघू लागली. तो जे करत होता तेच ती आत्ता करत होती. निशाणी हरवलेला माणूस असाच चाचपडतो.

मग तिने आयुष्यात पहिल्यांदा बाबांची आज्ञा मोडली. होडीत मागे वळली आणि आपल्या घराकडे पाहिलं. लांबच लांब पांढरी भिंत. तिच्यावर, मागच्या डोंगरावर, एकच एक झाड. ते झाड भिंतीच्या या टोकावरही बसत होतं आणि त्या टोकावरही. भिंतीत एखादी खूण असती, एखादी निळी चौकट, तर झाड नेमकं तिच्यावर आणता आलं असतं.

"देवा रे," ताई म्हणाली. "मी त्याची रेघ बुजवली."

नवऱ्याने वल्ही थांबवली. तिने त्याला सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. धाकट्याला वाटलं असणार, ताईने खिडकी ओळखली आणि मुद्दाम चिणली. आणि त्याने विचारावं तरी कसं? विचारायचं म्हणजे ती खिडकी माझी निशाणी आहे हे सांगावं लागलं असतं. ते तर बाबांनी बजावून ठेवलेलं, कधीच सांगायचं नाही. भाऊ आपल्या बापाचा शब्द पाळत बसला आणि बहीण समजली की त्याला घरात वाटा हवाय.

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. तोच, जरा वाकलेला.

"ताई, ही भिंत मीच बांधली होती ना? बरी बांधली होती की."

"फार बरी बांधलीस. आता फोड."

गुंडाळ्या उतरवल्या, घण बसू लागले, खोलीभर धुरळा झाला. जुनी चौकट माळ्यावर होती. ती घासून पुन्हा बसवली. ताईने स्वतः तिला निळा रंग दिला आणि तोच जुना निळा मिळावा म्हणून दुकानदाराचं डोकं खाल्लं. खिडकी उघडली तसा खारा वारा आत आला आणि सुया गंजायला मोकळ्या झाल्या.

काम संपलं त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "आता तुला दोन्ही रेघा माहीत झाल्या. जाळी काय, विटांबरोबर वरून उतरवतायत, धुरांडं अजून निम्मं उभं आहे. चल की उद्या. मी वल्हवतो. काढ तुझा जिताडा."

ताईच्या मनात तो विचार आला नव्हता असं नाही. गेली कित्येक वर्षं ज्या जागेसाठी ती झुरली, ती आता तिच्या मुठीत होती. एक पहाट, एक भरती, की झालं. तिने मशीनमध्ये तेल घातलं, सुई पुसली, पुन्हा पुसली.

"नाही," ती म्हणाली. "तो आला तर जायचं."

"मग निरोप पाठव."

"काय निरोप पाठवू? तुझी रेघ मला कळली म्हणून? खिडकी दिसेल त्याला. त्याला यायचं असेल तर येईल."

पण धाकटा पाण्यावर दिसेना. हंगाम तोंडावर आला होता आणि त्याच्या गॅरेजात इंजिनं येऊन पडली होती. त्याला मान वर करायला फुरसत नसावी. इकडे धुरांड्याच्या विटा रोज उतरत होत्या. मागे लपायची सोडून आता टाकीच धुरांड्याच्या डोक्यावरून डोकावू लागली. आणखी उतरलं की पाण्यावरून ते गोदामांच्या छपरांआड जाणार, मग संपलं. ताई कड्या ठोकायची, उठून खिडकीत जायची, पुन्हा येऊन बसायची. एक ताडपत्री तर तिने उलटी शिवली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

उधाण येऊन गेलं. पाणी मवाळ व्हायला लागलं. दुपारी ताई मशीनवर वाकली होती, तेव्हा दारातला उजेड अडला. धाकटा उभा होता. कानांवर पांढरे केस आले होते, आणि हातांना तेच काळं ग्रीस. तो खिडकीकडे बघत होता.

"खिडकी उघडलीस," तो म्हणाला.

"उजेड कमी पडत होता."

"सुया गंजतील."

"पुसेन."

तो तसाच उभा राहिला. ताईने उगाच दोरा तोडला.

"उद्या सकाळी पाणी बरं आहे," धाकटा म्हणाला.

"चहा घेणार असशील तर येते उद्या," ताई म्हणाली.

त्याने चहा घेतला. दोन कप घेतला.

सकाळी बाबांच्याच होडीत तिघं निघाले. नवरा वल्ह्यावर, बहीण-भाऊ पाठीला पाठ लावून. आता दोघंही अंगाने भरली होती, त्यामुळे बूड टेकायला जागा पुरेना आणि होडी एका अंगाला कलू लागली.

"पुढे सरका, पुढे सरका," कंडक्टर म्हणाला. कोणी ऐकलं नाही.

जाळी निघालेला धुरांड्याचा बुंधा तेवढा छपरांवर दिसत होता. ताईने त्यावर नजर रोखली. टाकी हळूहळू सरकत त्याच्या माथ्यावर येऊन बसली. "जुळली," ती म्हणाली. पाठीमागून आवाज आला नाही. रेघ सुटली. नवऱ्याने होडी वळवली. पुन्हा आली, पुन्हा सुटली. भावाच्या पाठीचे श्वास तिला आपल्या पाठीत कळत होते. मागे वळून पाहिलं असतं तर त्याची रेघही तिलाच जुळवता आली असती. झाड कुठे असेल ते तिला माहीत होतं. तरी तिने मान वळवली नाही.

"जुळली!" दोघं एकदम ओरडली, आणि दोघांचेही आवाज फाटले.

दगड खाली गेला आणि दोरातून हाताला लाकडाचा बोदा ठोका लागला. ताईने डोळे पुसले. धाकटा तोंड फिरवून कोळंबी निवडत बसला, बराच वेळ निवडत बसला.

पाणी चढलं, थांबलं, उभं राहिलं. मग गळाचा दोर किंचित वळला, ओहोटीची पहिली ओढ आली, आणि ताईच्या बोटांवरून दोर सर्रकन धावला. मासा पडावाकडे पळत होता. "ढील देऊ नकोस, आत शिरेल!" धाकटा ओरडला. "मला शिकवू नकोस!" ताई ओरडली. आणि दोघांनी मिळून तो ओढला. रुंद तोंडाचा, चांदीसारखा जिताडा होडीत येऊन इतका आपटला की कंडक्टर पाय वर घेऊन बसला.

परत येताना धाकटा हळूच म्हणाला, "मला वाटलं, तू मुद्दाम बुजवलीस."

"एकदा विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं."

"बाबांचीही धन्य आहे," ताई म्हणाली. ती हसली आणि मग तिला हसता हसता हुंदका आला. धाकट्याने आपला ग्रीसचा हात तिच्या खांद्यावर ठेवला. पातळाला डाग पडला. तिने खांदा मागे घेतला नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "ती गिरणीकडची रेघ तुझी, एवढं कळलंय मला. आठ दिवसांत ती जाईल. सांगून टाक नेमकी काय आहे ती. त्या बाजूला मीच राहतो, शोधतो काहीतरी दुसरं."

"नाही सांगणार."

"अगं, आता काय राहिलंय?"

"सांगितली तर एकटा जाशील."

धाकटा माशावर पाणी शिंपडू लागला. ताईने मात्र दगड वर घ्यायच्या आधीच आपलं काम उरकून घेतलं होतं. धुरांड्याच्या बुंध्याला डोळ्यांआड करून, टाकीच्या खाली आता किनाऱ्यावर काय येतं ते तिने नीट पाहिलं होतं. विजेचा एक खांब येत होता, पण खांबाचा काय भरवसा, उद्या कोणी उपटून नेईल. त्याच्या शेजारी मात्र एक गोष्ट अगदी टाकीखाली बसत होती, आणि ती लवकर हलण्यातली नव्हती.

होडी धक्क्याला लागली. धाकट्याने मासा उचलला, ताईने गळाचे दोर गुंडाळले. पायऱ्या चढताना ती सहज विचारावं तसं म्हणाली, "तुझ्या गॅरेजचं छप्पर लाल आहे ना रे?"

"लाल आहे. का?"

"काही नाही. बदलायचं मनात आलं, तर आधी मला विचार."

धाकटा पायरीवर थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या काठाकडे पाहिलं. आणि लगेच, बाबा ओरडतील अशा धास्तीने, मान फिरवली.

"विचारीन," तो म्हणाला.